जामसांवलीहून मदत किती लांब

मध्य प्रदेशात सौंसरजवळच्या जामसांवलीच्या हनुमानापुढे रांगेत उभे असलेले सगळेच नवस फेडायला आलेले नसतात. पिंपळाखाली पहुडलेली ही मूर्ती पाहायला नागपूर, अमरावती, बैतूल, छिंदवाडा अशी चहूकडून माणसे येतात. त्यांत ‘बाधा झाली’ म्हणून आणलेलेही असतात. मूर्तीच्या नाभीशी झिरपणारे पाणी तीर्थ म्हणून घ्यायचे, आरतीला हजर राहायचे, गुण येईपर्यंत मुक्काम करायचा, अशी इथली रीत आहे. घुमणाऱ्यांत बायका असतात. एखादी खरोखर आजारी असेल, एखादी नुकती बाळंत झालेली आणि रात्र-रात्र झोप न लागलेली असेल. आणि एखादी घरी मार खाऊन गप्प राहिलेली, गप्प राहून राहून एक दिवस किंचाळलेली असेल. घरचे तिला ‘हवा लागली’ म्हणून इथे आणतात. वाईट हेतूनेच आणतात असे नाही, त्यांना माहीत असलेला पत्ता हाच असतो.

दुसरा पत्ता कोणता, हे लिहून ठेवायची जबाबदारी मात्र कायद्याने एका माणसावर टाकलेली आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ला लागू झाला. त्याच्या कलम ९मध्ये संरक्षण अधिकाऱ्याची कामे सांगितली आहेत. त्यांत एक काम असे, की दंडाधिकाऱ्याच्या हद्दीतल्या कायदेशीर मदत देणाऱ्या, समुपदेशन करणाऱ्या संस्था, निवारागृहे आणि दवाखाने यांची यादी त्याने ठेवायची. मारहाण, पोटगी, घरातला हक्क या कलमांवर वर्तमानपत्रांत पानेच्या पाने लिहिली गेली. या यादीबद्दल क्वचितच कोणी लिहिते. कायद्यातले सगळ्यात कमी खर्चाचे आणि सगळ्यात दुर्लक्षित यंत्र हेच असेल, म्हणून हा लेख त्या यादीचा परिचय आहे.

अशा यादीला पूर्वज आहे. १८६३मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा त्याची माहितीपत्रके गावात लावली होती. विधवेने इथे यावे, गुपचूप बाळंत व्हावे, मूल ठेवायचे की न्यायचे हे तिने ठरवावे, असा त्यातला आशय. कुठे यायचे, आल्यावर काय मिळेल, गुप्तता राहील का आणि निर्णय कोणाचा, चारही गोष्टी तेवढ्याशा कागदावर. आजच्या कार्यालयांतल्या कितीतरी फलकांवर नुसती योजनेची नावे आणि मंत्र्यांचे फोटो दिसतात.

मग आज या भागातल्या बाईसाठी यादी केली, तर तिच्यात काय यावे? आधी ही हद्द समजून घेऊ. पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके २०२३पर्यंत छिंदवाडा जिल्ह्यात होते. पांढुर्ण्याला जिल्हा करण्याची घोषणा २४ ऑगस्ट २०२३ला जामसांवलीतच झाली. तत्कालीन मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान तिथे हनुमान लोक या मंदिर-परिसर प्रकल्पाच्या भूमिपूजनाला आले होते. ऑक्टोबरात जिल्हा झाला. जिल्हा आदेशाने होतो, जिल्हा पातळीवरच्या संस्था मात्र एकेक करून येतात. जिल्हा न्यायालय, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, महिला थाना, वन स्टॉप सेंटर या प्रत्येकासमोर ‘आज नेमके कुठे’ हा रकाना तारखेसकट भरल्याशिवाय यादीला अर्थ नाही. छिंदवाड्याला गेलेल्या बाईला ‘तुमचा जिल्हा आता पांढुर्णा’ म्हणून परत पाठवणे फार सोपे असते. यादी करणाऱ्याने पहिल्यांदा हीच वाट बंद करायला हवी.

दुसरी हद्द राज्याची. नागपूरकडून येताना केळवद सुटले की सातनूरला मध्य प्रदेश लागतो. पण बोली तीच, संत्र्याच्या बागा त्याच, पोळा तोच. १ नोव्हेंबर १९५६ला राज्ये नव्याने आखली गेली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. सोयरिकी काही आखता आल्या नाहीत. नरखेड, काटोल, सावनेर, वरूडच्या मुली आजही सौंसर-पांढुर्ण्याला नांदायला येतात, इकडच्या तिकडे जातात. म्हणजे बाईचे सासर एका राज्यात आणि माहेर दुसऱ्यात.

माहेरचा मुद्दा भावनेचा नाही, आकड्यांचा आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी मध्य प्रदेशात सुमारे २८ टक्के आणि महाराष्ट्रात सुमारे २५ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. देशभरात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी अवघ्या १४ टक्के स्त्रियांनी कोणाची तरी मदत मागितली. ७७ टक्के कोणाला बोलल्याच नाहीत. ज्या बोलल्या त्यांतल्या बहुतेकींनी आधी माहेर गाठले. पोलिस, वकील, डॉक्टर फार मागे आहेत. तेव्हा यादीची सुरुवात थान्यापासून करणे म्हणजे बाई जिथून निघते ते ठिकाणच वगळणे. सुरुवात हवी ती नरखेडच्या आईच्या दारात.

सुदैवाने कायदा इथे माहेराच्या बाजूने उभा आहे, फक्त हे थान्यातल्या मुन्शीला माहीत असायला हवे. २००५च्या कायद्याचे कलम २७ सांगते की बाई कायमची किंवा तात्पुरती जिथे राहते तिथल्या दंडाधिकाऱ्यापुढे तिला अर्ज करता येतो, आणि त्याने दिलेला आदेश देशभर लागू असतो. म्हणजे पांढुर्ण्याच्या नवऱ्याविरुद्धचा अर्ज काटोलला चालतो. रूपाली देवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ९ एप्रिल २०१९ला असेही स्पष्ट केले, की सासरच्या छळामुळे बाईने जिथे आसरा घेतला तिथे भारतीय दंड संहितेच्या ४९८-अ खाली तक्रार दाखल होऊ शकते. (ते कलम आता भारतीय न्याय संहितेत ८५ झाले आहे.) राहिला ‘आमची हद्द नाही’ हा जुना मंत्र. १ जुलै २०२४पासून लागू असलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, कुठल्याही थान्याने माहिती नोंदवून घ्यायची आहे. लोधीखेड्याला गेली काय, सावनेरला गेली काय. सीमेवरच्या यादीत हे तीन नियम प्रत्येक थान्याच्या नावाखाली छापावेत. थान्यात बसलेल्या बाईला ते वाचून दाखवता आले पाहिजेत.

थान्याबद्दल एक चांगली गोष्टही सांगायला हवी, कारण ती मध्य प्रदेशातच घडली. राज्याने काही थान्यांत महिलांसाठी वेगळे ‘ऊर्जा’ डेस्क सुरू केले, आणि संदीप सुखटणकर, गॅब्रिएल क्रुक्स-विस्नर व अक्षय मंगला या अभ्यासकांनी १८० थान्यांत त्याचा परिणाम मोजला. २०२२मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष आले. डेस्क असलेल्या थान्यांत स्त्रियांवरील हिंसेची प्रकरणे नोंदवली जाण्याचे प्रमाण वाढले, आणि डेस्क महिला अधिकारी चालवत असेल तिथे विशेष वाढले. म्हणून यादीत ‘थाना, सौंसर’ एवढेच लिहून भागत नाही. डेस्क आहे का, बसते कोण, रात्री कोण, हे त्याच ओळीत हवे. परिवार परामर्श केंद्रांसमोरही एक खूण करावी. ही केंद्रे खूप घरे सावरतात हे खरे. पण समझौता हेच यश मानणाऱ्या टेबलासमोर हात मोडलेली बाई बसवली, तर तिच्या बाजूने बोलणारे तिथे कोणी उरत नाही.

दवाखान्याच्या ओळीत माझ्या मते सगळ्यात जास्त चुका होतात. ‘आधी पोलिसांचे पत्र आणा’ असे आजही सांगितले जाते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात बाई थेट दवाखान्यात आली तरी तिच्यावर उपचार आणि तिची संमती असेल तर तपासणी करायची आहे, एफआयआर झालेला नसला तरीही. खासगी रुग्णालयालाही बलात्कार आणि ॲसिड हल्ल्याच्या पीडितेवर मोफत उपचार करणे बंधनकारक आहे. मुंबईत बांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेने ‘दिलासा’ केंद्र सुरू केले, ते याच विचाराने. बाई थान्यात जाणार नाही, पण जखमेला टाके घालायला दवाखान्यात येईल, तर समुपदेशक तिथेच असावी. सौंसर-पांढुर्ण्याच्या शासकीय रुग्णालयांत निदान एका परिचारिकेला ‘जिन्यावरून पडले’ हे उत्तर ऐकल्यावर पुढचा प्रश्न विचारता यायला हवा.

वन स्टॉप सेंटर ही योजना १ एप्रिल २०१५पासून आहे. उपचार, पोलिस, वकील, समुपदेशन आणि पाच दिवसांपर्यंत निवारा, सगळे एका छपराखाली. भोपाळच्या जयप्रकाश रुग्णालयातले ‘गौरवी’ त्याआधीच, जून २०१४मध्ये सुरू झाले होते. पाच दिवस बरे जातात. सहाव्या दिवसासाठी शक्ती सदन, पूर्वीचे स्वाधार गृह. तिथे जागा आहे का, मोठा मुलगा बरोबर चालतो का, आधार कार्ड सासरी राहिले तर काय, हे फोन करून विचारल्याखेरीज कळत नाही. संस्थेचा पत्ता ही यादीतली सर्वांत कमी उपयोगाची माहिती ठरते ती इथे.

दूरध्वनीचे क्रमांक सोपे वाटतात. ११२ आणीबाणीसाठी, १५१०० मोफत कायदेशीर मदतीसाठी, १४४१६ मानसिक आरोग्यासाठी, १८१ महिलांसाठी. पण मध्य प्रदेशात १८१ म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे मुख्यमंत्री हेल्पलाइन येते. बंद पडलेला हातपंप, अडकलेले रेशन, कापलेली वीज यांच्या तक्रारींचा तो नंबर. ‘तो नंबर नळाचा’ अशी समजूत असलेल्या बाईला तो मार खाताना आठवेलच असे नाही. शिवाय सीमेलगत मोबाइल कधी या राज्याचा टॉवर पकडतो, कधी त्या. यादी करणाऱ्याने सातनूरला उभे राहून, रामाकोन्याला उभे राहून, रात्री नऊ वाजता स्वतः हे क्रमांक लावून पाहावेत. पलीकडे मराठी समजले का, हेही टिपावे.

हे सगळे फार किचकट आहे, एवढ्याशा जिल्ह्याला झेपणार नाही, असे कोणी म्हणेल. त्याने पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला यावे. जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार, म्हणजे दगडफेक, होते. पळवून नेलेल्या मुलीवरून दोन्ही गावे भिडली, अशी तिची दंतकथा. मुलीला कोणी काही विचारले होते का, हे दंतकथा सांगत नाही. पण त्या दिवशी प्रशासन काय करते ते पाहण्यासारखे असते. उपचाराची शिबिरे नदीकाठाला लागतात, रुग्णवाहिका कुठे उभ्या राहतील हे ठरते, डॉक्टरांच्या पाळ्या लागतात, गंभीर जखमीला नागपूरला न्यायचे हेही आधीच माहीत असते. डोके फुटणार हे गृहीत धरून केलेले इतके नेमके नियोजन मी फार कमी ठिकाणी पाहिले आहे. घरात फुटणारे डोके गृहीत धरायला कोणाची हरकत आहे?

अशी यादी म्हणजे मदतीचा नकाशाच; तो तयार झाला तरी वाटायचा कसा, हा नाजूक प्रश्न. कैरोच्या ‘हॅरसमॅप’ने २०१०पासून छळ कुठे होतो ते नकाशावर मांडले, आणि ते उघड मांडण्यातच त्याचे बळ होते. मदतीच्या नकाशाचे उलट आहे. निवारागृहाचा ठिपका नवऱ्याच्या मोबाइलवरही दिसतो. छापील पत्रक पदराला बांधले तर रात्री सापडते. त्यामुळे क्रमांक भिंतीवर, पण निवाऱ्याचा ठावठिकाणा फक्त आशा, अंगणवाडी सेविका आणि एएनएमच्या डोक्यात असावा, असे दोन थर लागतात. अधिकाऱ्यांची नावे घालू नयेत, हुद्दे घालावेत. बदली झाली की नावांची यादी मरते.

आणि जामसांवली? गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात ‘दवा-दुआ’ नावाचा उपक्रम चालला. दर्ग्यावर आलेल्याला दुआपासून न अडवता, मुजावरांच्याच मदतीने जवळच्या मानसोपचार डॉक्टरांपर्यंत न्यायचे. श्रद्धेशी भांडण नाही, फक्त एक खुर्ची जास्त. जामसांवलीच्या आवारात अशी खुर्ची टाकली आणि तिथे मंगळवारी-शनिवारी मराठी बोलणारी एक बाई बसली, तर घुमून थकलेल्या मुलीला पाणी देता देता दोन प्रश्न विचारता येतील. महाराष्ट्राचा २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा सातनूरच्या पुढे येत नाही. पण २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यावर घातलेली बंदी इथेही लागू आहे. तोही कागद त्या खुर्चीवर असू दे.

खुर्चीवर बसायचे कोणी? संरक्षण अधिकाऱ्याचे काम अनेक राज्यांत अंगणवाड्यांचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्याच गळ्यात आहे. २० मे २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना जिल्हा आणि तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी नेमून टाका, असे बजावले. ते होईल तेव्हा होवो. तालुका विधी सेवा समितीकडे पॅरालीगल स्वयंसेवक असतात, आणि मोफत वकील मिळण्यासाठी बाईला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. शेवटची बस चुकलेली बाई सौंसरच्या स्टँडवर बसली, तर तिथून न्यायालयापर्यंत किती मिनिटे, वाटेत दिवे आहेत का, हे त्या स्वयंसेविकेला एका दुपारी चालून लिहिता येते. दर तीन महिन्यांनी तेच अंतर पुन्हा चालायचे आणि प्रत्येक ओळीपुढे नवी तारीख टाकायची.