मेथीचा घोळाणा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

थंडीत मेथीच्या कोवळ्या जुड्या बाजारात आल्या की महाराष्ट्रात अनेक घरांत पिठलं-भाकरीबरोबर घोळाणा होतो. कुठे त्यालाच पचडी म्हणतात. कच्ची मेथी, पातीचा कांदा, दाण्याचं कूट, तिखट, मीठ आणि कच्चं तेल, बस्स. गॅस पेटवायचा नाही, त्यामुळे सगळं कसब निवडण्यात, धुण्यात आणि कशानंतर काय घालायचं यात आहे. गैरसमजही नेमके तिथेच आहेत.

गैरसमज: कच्ची मेथी कडू लागते, म्हणून मीठ लावून पिळून घ्यावी.
वस्तुस्थिती: पिळलेल्या पाण्याबरोबर क जीवनसत्त्व आणि फोलेट हे पाण्यात विरघळणारे घटकही जातात, आणि हाती उरतो तो चोथा. फुलावर आलेली, जून मेथी घोळाण्याला घेऊच नये. लहान पानांची कोवळी जुडी घ्यावी. मुंबईत वाळूत वाढवलेली समुद्रमेथी मिळते, तीही चालते. उरलासुरला कडूपणा मीठ, कूट आणि चिमूटभर गूळ झाकतात.

गैरसमज: मिठाच्या पाण्यात बुडवली की भाजी निर्जंतुक होते.
वस्तुस्थिती: धुण्याने माती आणि जंतू कमी होतात, पूर्ण जात नाहीत. मेथी चिरण्याआधी धुवावी. मोठ्या पातेल्यात भरपूर स्वच्छ पाणी घेऊन पानं हलवावीत आणि हातांनी वर उचलून चाळणीत काढावीत. पातेलं चाळणीत उपडं केलं, तर तळाशी बसलेली माती पुन्हा पानांवर येते. पाण्यात माती दिसेनाशी होईपर्यंत हे करावं. समुद्रमेथीला जास्त वेळा. साबण वापरू नये. गरोदर स्त्रिया, लहान मुलं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी मेथी शिजवूनच खावी.

गैरसमज: सगळं एकदम कालवून ठेवलं की चव मुरते.
वस्तुस्थिती: लोणचं मुरतं, घोळाणा गळतो. मीठ पानांतलं पाणी ओढून घेतं. थोड्या वेळात ताटलीत हिरवं पाणी साचतं आणि कुटाचा लगदा होतो. म्हणून धुतलेली मेथी आधी फडक्यावर कोरडी करावी. नंतर जाडसर चिरून तिला तेल चोळावं. मीठ आणि लिंबू ताटं वाढल्यावरच घालावं.

गैरसमज: सॅलड म्हटलं की तेल नकोच.
वस्तुस्थिती: मेथीतलं बीटा-कॅरोटीन आणि के जीवनसत्त्व शरीरात शोषलं जायला स्निग्ध पदार्थ लागतो. तेवढ्यासाठी चमचाभर शेंगदाणा किंवा करडईचं तेल आणि कूट पुरेसं आहे.

गैरसमज: कच्च्या मेथीने लोह भरून निघतं आणि साखरही उतरते.
वस्तुस्थिती: पालेभाजीतलं लोह शरीर कमी प्रमाणात शोषतं. लिंबामुळे हे शोषण वाढतं, तर जेवणावर लगेच घेतलेल्या चहामुळे घटतं. निदान झालेल्या ॲनिमियावर नुसता घोळाणा पुरत नाही. साखरेबाबतचा बराचसा अभ्यास मेथीच्या दाण्यांवर झाला आहे, त्यामुळे पाला खाऊन गोळ्या बंद करू नयेत. के जीवनसत्त्वामुळे, रक्त पातळ करणारं वॉर्फरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचं प्रमाण एकाएकी वाढवू किंवा कमी करू नये.

गैरसमज: कोथिंबिरीच्या काड्या टाकाऊ असतात.
वस्तुस्थिती: कोवळ्या काड्यांना पानांइतकाच वास असतो. त्या बारीक चिरून घोळाण्यात घालाव्यात. जून, दोरेदार काड्या तेवढ्या काढाव्यात.

प्रमाण: चार जणांना एक मध्यम जुडी मेथी, २ पातीचे कांदे, १ टोमॅटो, मूठभर कोथिंबीर, ३ चमचे कूट, १ चमचा तेल, अर्धं लिंबू, तिखट-मीठ चवीपुरतं. टोमॅटोच्या बिया काढल्या तर पाणी आणखी कमी सुटतं. उरलेला घोळाणा रात्रीसाठी ठेवण्यात अर्थ नाही. सुटलेल्या पाण्यासकट तो भाजणीत मळून लगेच थालीपीठ लावावं.