किंडलवरचं पुस्तक नक्की कुणाचं?

परवा कोल्हापुरात राजारामपुरीत चहा पिताना मित्रानं विचारलं, "किंडलवर घेतलेलं पुस्तक तुला वाचायला देता येईना. असं का रं?"

कारण ते आपल्या मालकीचं नसतंच. ॲमेझॉन देतं तो फक्त वाचायचा परवाना. २००९ मध्ये त्यांनी ऑर्वेलचं '१९८४' लोकांच्या किंडलवरून परस्पर पुसलं. (पाळत ठेवणाऱ्या, नोंदी पुसणाऱ्या सत्तेवरचं नेमकं तेच पुस्तक!) पैसे परत केले, पुढं माफीही मागितली.

कागदी पुस्तक एकदा घेतलं की उसनं द्या, रद्दीत घाला, विचारणारं कोण? आपलं करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून पुस्तकं फिरवतंय ते उगाच नाही.

तरी मी किंडल सोडत नाही. रात्री दिवा घालवून, अक्षर मोठं करून वाचायची चैन कागदात कुठली? शिवाय २०१६ च्या अखेरीस तिथं मराठी पुस्तकंही आली.

सेटिंगचं काही अडलं तर बिनधास्त विचारा.