‘चेहरा उजळ करा’

मार्च सरत आला की बारामतीत काय अन् इंदापुरात काय, फ्लेक्स छापणाऱ्या दुकानांत आपल्या वस्त्यांतल्या पोरांची गर्दी वाढू लागते. चौदा एप्रिलचा फलक हवा असतो. माझ्या एका विद्यार्थ्याने पदवीची तीन वर्षे अशाच एका दुकानात रात्री संगणकापुढे बसून काढली. इंदापूर तालुक्यातला मुलगा, आईबाप शेतमजूर. त्याला एकदा विचारले, गिऱ्हाईक सगळ्यात जास्त वेळा काय सांगते रे? तो हसून म्हणाला, “सर, चेहरा उजळ करा म्हणतात.” कोणाचा? “सगळ्यांचाच. स्वतःचा, अध्यक्षांचा. बाबासाहेबांचाही.”

हे उत्तर मला बरेच दिवस छळत राहिले. बाबासाहेबांची आपल्याला ठाऊक असलेली बहुतेक छायाचित्रे कृष्णधवल आहेत. म्हणजे त्यांच्या चेहऱ्याला रंग देताना प्रत्येक वेळी कोणीतरी निर्णय घेत असतो. तो गुलाबी-गोरा रंग छायाचित्रातून आलेला नाही. रंगवणाऱ्याच्या, आणि रंगवून घेणाऱ्याच्या, डोक्यातून आला आहे. आणि रंगवून घेणारे तर आपणच आहोत.

ग्राफिक डिझाइनच्या, म्हणजे जुन्या भाषेत जाहिरातकलेच्या व्यवसायात सर्व वंशांचे, सर्व संस्कृतींचे लोक असावेत, त्यांच्या वेगळेपणाचा गौरव व्हावा, असे आता मोठमोठ्या कंपन्याही बोलू लागल्या आहेत. अमेरिकेत हा प्रश्न कृष्णवर्णीयांनी स्वतः मांडला. १९८७ साली शेरिल मिलर या कृष्णवर्णीय डिझायनर बाईंनी ‘प्रिंट’ या व्यावसायिक मासिकात लेख लिहिला आणि आपल्या लोकांना शीर्षकातच युद्धात बेपत्ता झालेल्या शिपायांच्या यादीत बसवले.

त्याच्याही वीस वर्षे आधीचे एक उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. एमरी डग्लस हा पोरगा बालगुन्हेगारांच्या सुधारगृहातल्या छापखान्यात शाई-कागदाचे काम शिकला. पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजात त्याने कमर्शियल आर्टचे धडे घेतले आणि १९६७ पासून ब्लॅक पँथर पक्षाच्या वृत्तपत्राची चित्रे व मांडणी सांभाळली. पैसा थोडा, म्हणून जाड काळी रेषा आणि जोडीला एखादा रंग. त्याने काढलेल्या आयाबाया, म्हातारेकोतारे, पोरेटोरे काळीच राहिली; त्यांना उजळ करण्याची गरज त्याला वाटली नाही. आपल्याकडे १९७२ साली पँथरचे नाव आले, त्या पिढीने कवितेची भाषा मुळापासून हलवली. फलकावरच्या चित्राची नजर मात्र, मला वाटते, तशीच राहून गेली.

याचे कारण नुसते मनात शोधून भागणार नाही. मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत कमर्शियल आर्टचा विभाग १९३५ साली निघाला. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ची. दुकानांच्या पाट्या आणि ट्रकवरची अक्षरे रंगवणाऱ्या पेंटरांत आपली माणसे होतीच. पण तो पेंटर आणि ह्या संस्था यांच्यामध्ये इंग्रजी होते, शहर होते, फी होती. सरकारी संस्थांत राखीव जागा आहेत. परंतु जागेपर्यंत पोचायला आधी अशी जागा असते हे तरी कळावे लागते. मला स्वतःला ते नोकरी लागल्यावर कळले. आमच्या इंदापूर तालुक्यात भिगवणला छपाईच्या गुळगुळीत कागदाचा मोठा कारखाना उभा राहिला. कागद आपल्या शिवारातला, त्यावर काय छापायचे ते ठरवणारा मात्र लांबचा!

ठरवणारा बदलला की काय होते, हे पाहायचे असेल तर २०११ साली निघालेले ‘भीमायन’ पाहावे. बाबासाहेबांच्या आयुष्यावरच्या या इंग्रजी चित्रपुस्तकाची चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या मध्य प्रदेशातल्या परधान गोंड कलावंतांची आहेत. चित्रकथेत माणसांना चौकोनी घरांत बसवण्याची रीत आहे. माणसे अशी कोंडायला ती दोघे तयार झाली नाहीत. चौकटींच्या जागी त्यांनी गोंडांच्या भिंतींवर आणि अंगणात काढतात ती दिग्ना नक्षी वळवत नेली. जातीचे विष ओकणाऱ्याच्या तोंडचे शब्द त्यांनी विंचवाच्या नांगीचे शेपूट लावलेल्या फुग्यात घातले आणि सौम्य बोलणाऱ्याचे शब्द पाखराच्या आकारात. ही कल्पना कोणत्याही डिझाइन-शाळेच्या अभ्यासक्रमातून आलेली नाही. तिला गौरवाचे शब्द मिळाले ते रास्तच. पण गौरवाच्या आधी त्यांना ठरवण्याचा अधिकार मिळाला होता, हे आपल्या कार्यकर्त्यांनी ध्यानात घ्यावे.

माझ्या त्या विद्यार्थ्याने गेल्या जयंतीला एका मंडळासाठी दोन नमुने केले. एक नेहमीचा. दुसऱ्यात बाबासाहेबांचा चेहरा त्याने सावळा ठेवला, मागची सूर्यकिरणे काढून टाकली आणि अक्षरे हाताने लिहिली. मंडळाने पहिला घेतला. दुसरा त्याने घडी करून मला आणून दिला. तो मी वर्गात लावला आहे. पोरे विचारतात, “सर, हा फोटो काळपट का आला?”