वर्षाच्या त्या दिवशीं

घरांत मृत्यु झाला म्हणजे समाचारास जावें, ही आपल्याकडील जुनी आणि चांगली रीत आहे. दहा दिवस माणसें येतात, जेवणाचा डबा पाठवितात, जवळ बसतात. तेराव्यानंतर ज्याचा तो आपल्या उद्योगास लागतो व पुढें वर्षश्राद्धाला आप्तेष्ट पुन्हां जमतात. वृद्ध माणूस पिकल्या पानासारखें गळून गेलें असेल, तर एवढा आधार बहुधा पुरतो. परंतु ज्या घरांतील तरुण मुलानें आपल्या हातानें आपलें आयुष्य संपविलें, त्या घरीं वर्षाच्या दिवशीं काय करावें, हें आपणांस कोणीं शिकविलेलें नाहीं. मग आपण कांहींच करीत नाहीं. आमच्या हातून हीच चूक घडली. ती कशी घडली आणि पुढच्या वर्षीं आम्ही काय शिकलों, तें वाचकांपुढें मांडावयाचें आहे.

आमचे एक स्नेही वरळीच्या बीडीडी चाळींत राहात असत. सर जॉर्ज लॉईड मुंबईचे गव्हर्नर असतांना, १९२० सालीं, जें विकास-खातें निघालें, त्यानें या चाळी बांधल्या. वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी मिळून त्या २०७ होत्या. त्यांतील १२१ एकट्या वरळींत. तळमजला व वर तीन मजले, मधून लांब व्हरांडा, त्याच्या दोहों बाजूंस खोल्या, आणि एका बिऱ्हाडाला १६० चौरस फुटांची एक खोली. एका घरची फोडणी साऱ्या मजल्याला कळावी, अशी ही जवळीक. आमच्या स्नेह्यांचा धाकटा मुलगा गेला, त्या रात्रीं सगळा मजला जागा होता. पोलिसांची, इस्पितळाची, स्मशानाची सारी धांवपळ शेजाऱ्यांनींच केली.

पण पुढें महिन्याभरांत एक चमत्कारिक गोष्ट झाली. चाळींतील लोक त्या मुलाचें नांव घेईनासे झाले. व्हरांड्यांत बोलणें चालूं असलें आणि त्याची आई आली कीं, बोलणें थांबे. त्यांत दुष्टपणा मुळींच नव्हता. जो तो तिला जपत होता. आम्हींही तेंच केलें. वर्ष भरलें त्या दिवशीं आम्ही उभयतां दादरला घरींच होतों. सकाळीं दोनदां फोन हातीं घेतला आणि दोनदां खालीं ठेवला. जखमेवरची खपली आपण कां काढावी, असें एकमेकांस म्हणालों आणि तो दिवस जाऊं दिला.

दिवाळीनंतर भेट झाली, तेव्हां वहिनी अगदीं शांतपणें म्हणाल्या, "भावजी, त्या दिवशी मी सकाळपासून दार उघडं ठेवलं होतं. चहासाठी दूध जास्त घेतलं होतं. कुणीच आलं नाही हो." आमच्या जवळ उत्तर नव्हतें.

खपलीचा आमचा विचारच मुळांत चुकीचा होता. आपण आठवण काढूं तेव्हां आईबापांना आठवण होईल, ही कल्पना बाहेरच्या माणसाची. त्यांना तो दिवस येण्याच्या आधीं पंधरा दिवसांपासून झोंप नसते. शिवाय तो दिवस त्यांना वर्षांतून दोनदां काढावा लागतो; एकदां तिथीनें आणि एकदां तारखेनें. चांद्रवर्ष सुमारें ३५४ दिवसांचें असल्यामुळें तिथि अकरा-एक दिवस आधीं येते, अधिक महिना पडला तर मागाहून येते, आणि दोन्हींचा मेळ साधारणपणें १९ वर्षांनीं बसतो. वहिनींना या दोन दिवसांमधले दिवस सर्वांत जड जात. त्याखेरीज मुलाचा वाढदिवस, त्याच्या बरोबरच्या मुलांच्या निकालाचा दिवस, हे निराळेच.

या मौनाच्या मुळाशीं थोडी लाज आहे व थोडें भय आहे. याज्ञवल्क्यस्मृतींत आत्मत्याग करणाऱ्यांच्या मागें अशौच व उदकदान नाकारलें आहे, हें खरें. परंतु त्याच स्मृतीवरील मिताक्षरेनें वर्षानंतर नारायणबलि करून पुढील क्रियेची वाट मोकळी केली. पितृपक्षांतील चतुर्दशी तर अपघातानें व शस्त्रानें गेलेल्यांसाठींच राखलेली आहे. म्हणजे प्राचीन शास्त्रकारांनाही अशा घरांचें दार कायमचें बंद करवलें नाहीं. कायदाही बदलला आहे. १८६० च्या दंडसंहितेच्या ३०९ व्या कलमानें आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरविला होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें, असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखालीं होता असेंच धरून चालावें, असें सांगितलें. आणि १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या न्यायसंहितेंत तें जुनें कलम उरलेलें नाहीं. शास्त्रानें वाट काढली, कायद्यानें दोष काढून घेतला. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या दबक्या आवाजांत मात्र तो अजून शिल्लक आहे.

दुसरी गोष्ट "कां?" या प्रश्नाची. सरकारी नोंदीप्रमाणें २०२२ सालीं आपल्या देशांत १३,०४४ विद्यार्थ्यांनीं आत्महत्या केली. एवढ्या घरांतून हा प्रश्न रात्रंदिवस विचारला जात असतो. त्यांत आपण भर घालूं नये. अशा मृत्यूचें कारण सहसा एक नसतें. मनाचा आजार, अपमान, एकटेपणा, एखादें अपयश, अशा अनेक गोष्टी एकत्र येतात, आणि जाणाऱ्याला त्या क्षणीं दुसरी वाट दिसेनाशी होते. "अभ्यासाचं फार दडपण होतं का?" हा साधा प्रश्नसुद्धां आईच्या कानीं "तूच दडपण आणलंस का?" असा पडतो. त्याचप्रमाणें "देवाची इच्छा", "दुसरं मूल आहे ना", "आता एक वर्ष झालं, सावरायला हवं", हीं वाक्यें घरींच ठेवून जावें.

मग दुसऱ्या वर्षीं आम्हीं काय केलें? आठ दिवस आधीं फोन करून सरळ विचारलें, "त्या दिवशीं आम्ही यावं असं तुम्हांला वाटतं का? नको असेल तर तसं सांगा, राग नाही." पलीकडे बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग स्नेही म्हणाले, "या. जेवायलाच या."

त्या वर्षीं त्या घरावर आणखी एक संकट होतें. चाळी पाडून तेथें उंच इमारती उभ्या राहात होत्या. वरळींतील पहिल्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजीं नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० फुटांच्या जागीं ५०० चौरस फुटांचें घर. सारी चाळ आनंदांत होती. पुढें आमच्या स्नेह्यांचीही पाळी जवळ आली, पण वहिनी खोली सोडावयास तयार नव्हत्या. दाराच्या चौकटीवर मुलाच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. तो याच खोलींत वाढला, याच जमिनीवर निजला. नव्या घरांत तो कधींच राहिलेला नसणार, हें त्यांना सहन होत नव्हतें.

आम्ही गेलों व त्याचें नांव घेतलें. तें नांव येथें छापणें उचित नाहीं, पण त्या खोलींत तें उच्चारतांच वहिनी रडल्या आणि मग बोलूं लागल्या. जांबोरी मैदानावर तो कसा खेळे, कोणत्या शिक्षकाची नक्कल करी, आमटींतल्या शेंगा तेवढ्या कशा निवडून खाई. वर्षभर जो मुलगा केवळ आपल्या शेवटच्या रात्रीपुरता उरला होता, त्याचीं सारीं वर्षें त्या दुपारीं परत आलीं. आम्हीं विशेष कांहीं बोललों नाहीं. जेवण झाल्यावर त्यांच्या सांगण्यावरून त्याच्या वह्या-पुस्तकांची एक पेटी आम्हीं मिळून भरली. चौकटीची ती फळी सुताराकडून काढवून नव्या घरीं न्यावी, असें स्नेह्यांनींच सुचविलें. खोली सोडण्याबद्दल आम्हीं एक अक्षर काढलें नव्हतें.

ज्यांनीं हेंच दुःख सोसलें आहे, त्यांची सोबत तर आणखी मोलाची. हैदराबादचा रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ रोजीं गेला आणि जळगांवची डॉक्टर पायल तडवी २२ मे २०१९ रोजीं मुंबईंत गेली. त्यांच्या माता, राधिका वेमुला व आबेदा तडवी, निराळ्या प्रांताच्या व निराळ्या भाषेच्या. तरी २०१९ च्या ऑगस्टमध्यें, महाविद्यालयांत जातीवरून होणारा भेदभाव थांबावा म्हणून, दोघींनीं मिळून सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागितली. आपल्या ओळखींत असें दुसरें घर असेल, तर दोघांच्याही इच्छेनें त्यांची गांठ घालून द्यावी.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. ज्या घरांत असा मृत्यु घडला, तेथील माणसांच्या मनांतही तेच विचार येण्याचा धोका असतो, आणि वर्षाचा दिवस त्या दृष्टीनें नाजूक. "आता जगून काय करायचं" असें कोणी म्हणालें, तर विषय बदलूं नये. "जीव द्यावासा वाटतो का?" असें स्पष्ट विचारावें, विचारल्यानें तो विचार मनांत शिरत नाहीं, उलट मन मोकळें होतें. उत्तर होकारार्थी आलें तर त्या माणसाला एकटें सोडूं नये व डॉक्टरांकडे न्यावें. १४४१६ हा सरकारी टेलि-मानसचा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालूं आहे. तेथें चोवीस तास, विनामूल्य व मराठींतही बोलतां येतें.

आमचे स्नेही आतां नव्या इमारतींत राहावयास गेले आहेत. जुन्या व्हरांड्यांत येतांजातां कोणी तरी दारांत डोकावत असे; येथें उद्‌वाहनानें वर जावें लागतें आणि दारें बंद असतात. म्हणून आतां मुद्दाम गेलें पाहिजे. आम्हीं घरच्या दिनदर्शिकेवर त्या मुलाची तिथि व तारीख, दोन्ही लिहून ठेविल्या आहेत. वाचकांपैकीं ज्यांच्या स्नेह्यांच्या घरीं असा दिवस येत असेल, त्यांनींही त्या आजच लिहून ठेवाव्या, आठ दिवस आधीं विचारावें, आणि जावें. दुसऱ्या दिवशींही एक फोन करावा. कारण वहिनींनीं मागाहून आम्हांस सांगितलें कीं, तो दिवस माणसांत निघून जातो. दुसऱ्या दिवशींची सकाळ फार मोठी असते.