फुफ्फुसातली प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते

पाचगणीचे बेल-एअर आणि मिरजेजवळची वानलेसवाडी. सातारा-सांगली भागात छातीचा आजार म्हटला की जुन्या माणसांना क्षयरोग्यांसाठीची ही ठिकाणे आठवतात. आजही एक्स-रेमध्ये डाग दिसला की घरच्यांना पहिली शंका क्षयाची येते आणि क्षय नाही म्हटले की थेट कर्करोगाची. मात्र, क्वचित तिसरीही शक्यता असते. ती म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी साठून झालेली साधी गाठ.

जुना संसर्ग, किंवा डोळे व तोंड कोरडे पाडणारा शोग्रेनसारखा आजार असेल, तर या पेशी फुफ्फुसात गोळा होतात. अनेकदा रुग्णाला काहीच त्रास नसतो. दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेमध्ये गाठ सापडते.

खरी अडचण निदानाची आहे. सीटी स्कॅनमध्ये साधी गाठ आणि कर्करोग सारखेच दिसू शकतात. पेट स्कॅनमध्ये तर क्षयाची गाठही 'चमकते'. १९६३ मध्ये साल्ट्झस्टाइन यांनी अशा साध्या गाठी लिम्फोमा या कर्करोगापासून वेगळ्या काढल्या; पण नव्या तपासण्या आल्यावर साध्या समजलेल्या अनेक गाठी संथ वाढणारा लिम्फोमा असल्याचे दिसले. म्हणूनच 'साधी गाठ' हा शिक्का पुराव्याशिवाय मारता येत नाही.

हा पुरावा मिळतो बायोप्सीतून. कर्करोगाच्या पेशी एकाच पेशीपासून वाढतात, जणू एकाच बेण्याचा ऊस. साध्या गाठीत मात्र निरनिराळ्या पेशींची सरमिसळ असते. कापा आणि लॅम्डा या प्रथिनांची तपासणी आणि गरज पडल्यास जनुकीय चाचणी हा फरक दाखवते. सुईने काढलेला बारीक तुकडा त्यासाठी अनेकदा अपुरा पडतो. मग दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून गाठ काढावी लागते. गाठ एकच आणि साधी असेल, तर बहुधा तोच उपचारही ठरतो.

केवळ डाग पाहून क्षयाच्या गोळ्यांचा आग्रह धरू नये. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास सरकारी रुग्णालयात थुंकीची मोफत तपासणी करून घ्यावी. जुने एक्स-रे जपून ठेवावेत. गाठ वाढली की तशीच राहिली, हे त्यावरूनच कळते. आणि अहवाल 'साधी गाठ' असा आला, तरी डॉक्टरांनी दिलेली पुढची तारीख चुकवू नये.