आधी उतरायला शिका

मुंबई-गोवा महामार्गावर नागोठणं मागे पडलं की कोलाडच्या अलीकडे खांब लागतं. गाडीतून जाणाऱ्याला दिसतात चहाच्या टपऱ्या आणि रस्त्याचं न संपणारं काम. पण महामार्ग सोडून वैजनाथच्या बाजूला आत वळा. भातखाचरांचे बांध, मग आंब्या-सागाची झाडी, मग घेरा सुरगड हे गाव आणि त्याच्या डोक्यावर सुरगड. डोंगरात धावायला शिकायचं असेल तर याहून चांगली शाळा मला माहीत नाही.

मी आरोग्यसेविका. या भागातल्या वाड्यांवर लसींचा डबा खांद्याला लावून जाणं हे माझं काम. गरोदर बाईचं वजन, बाळाची लस, तापाच्या रुग्णाच्या रक्ताचा नमुना, सगळं पायी. धावणं त्यातूनच आलं. परतीला उशीर झाला की उतारावर पाय आपोआप पळू लागायचे. पुढे पुण्याकडच्या शर्यतींविषयी कळलं आणि रीतसर तयारी सुरू केली.

सह्याद्रीत अशा शर्यती आता रुजल्या आहेत. सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ साली सुरू झाली. ती घाटातली खरी, पण डांबरी रस्त्यावरची. २०१८ पासून होणारी एसआरटी अल्ट्रा मात्र पाऊलवाटांची. एसआरटी म्हणजे सिंहगड, राजगड, तोरणा. ११, २५, ५३ आणि १०० किलोमीटर अशी तिची अंतरं. मोठ्या अंतरांत हे तिन्ही गड येतात. तोरणा १४०३ मीटर उंच आहे. दर वर्षी शहरांतून शेकडो माणसं या वाटांवर उतरतात, आणि त्यांतले कित्येक जण फक्त रस्त्यावर सराव करून आलेले असतात. त्यांच्यासाठीच हे लिहिते आहे.

रस्त्यावर ११ किलोमीटर सव्वा तासात धावणारा माणूस डोंगरातही तोच हिशोब धरतो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा आडाखा सांगितला, तो आजही वापरला जातो: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे ११ किलोमीटरच्या वाटेत ६०० मीटर चढ असेल तर चालणाऱ्याला सव्वातीन तास. धावणारा लवकर पोहोचेल, पण सव्वा तासात नाही. वाडीवरच्या माणसाला अंतर विचारलं तर तो किलोमीटर सांगत नाही, वेळ सांगतो. डोंगरात तोच हिशोब बरोबर. पाणी, खाणं, उजेड हे सगळं तासांवरच ठरवावं.

चढाविषयी फार सांगण्यासारखं नाही. तीव्र चढावर चांगले धावपटूही चालतात. हात गुडघ्यांच्या वर मांडीवर रोवायचे, पावलं लहान टाकायची, श्वास बोलता येईल इतपत ठेवायचा. हे महिन्या-दोन महिन्यांत जमतं.

खरी परीक्षा उतारावर असते, आणि तिची तयारी फार थोडे जण करतात. चढताना मांडीचे पुढचे स्नायू आखडत काम करतात. उतरताना ते ताणले जात असतात आणि त्याच वेळी सगळ्या शरीराचा भार पेलतात. या कामाने स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते, म्हणून गड उतरल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. लांबच्या शर्यतीत हीच इजा अर्ध्या वाटेवर होऊन बसते. दम शिल्लक असतो, पण मांड्या वजन धरत नाहीत. यावर उपाय एकच, उतरण्याचा सराव. शरीराचा एक चांगला गुण असा, की एकदा असं दुखून बरं झालं की पुढचे काही आठवडे तेच उतरणं पुष्कळ कमी दुखवतं. म्हणून आठवड्यातून एक लांब उतार तयारीत हवाच. शेवटचा मोठा उतार शर्यतीच्या दोन आठवडे आधी, म्हणजे स्नायू भरून यायला वेळ मिळतो.

उतरायचं कसं, हे मी मोळी घेऊन येणाऱ्या बायकांकडून शिकले. डोक्यावर लाकडांचा भारा, पायांत साध्या चपला, आणि घसाऱ्यावरून त्या अशा येतात की खडा निसटत नाही. त्यांची पावलं अगदी लहान असतात. गुडघा कधी ताठ होत नाही. नजर पायाखाली नसते, तीन-चार पावलं पुढे असते. शहरातून आलेला माणूस घाबरून मागे रेलतो, मग टाचेवर भार येतो आणि टाच मुरमावरून सुटते. भीती वाटली तरी छाती किंचित पुढेच ठेवा, पाय अंगाखाली पडू द्या. बुटाची नाडी उतारापूर्वी घोट्याशी घट्ट करा, नाहीतर बोटं पुढे आदळून नखं काळी पडतात. नखं चार दिवस आधी कापा, आदल्या रात्री नको.

सुरगडावर हे सगळं थोड्या जागेत मिळतं. खाली झाडीतली मऊ वाट, वर अणसाई देवीच्या ठिकाणाकडे जाणारा चढ, त्यापुढे कातळ आणि घसारा. माथ्यावरून कुंडलिकेचं खोरं दिसतं. पाऊस संपल्यावर दसऱ्यापर्यंत मात्र मी तिथे पळत नाही, चालते. गवत कमरेइतकं असतं, खड्डा दिसत नाही, दगडावरचं शेवाळ ओलं असतं. भर पावसात तर या डोंगरांच्या कुशीत कुणी हौसेने जाऊच नये. २०२१ मध्ये महाड तालुक्यातल्या तळियेवर आणि २०२३ मध्ये खालापूरच्या इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला, दोन्ही वेळा जुलैतच. हे आमच्याच जिल्ह्यातलं आहे.

दुर्गम म्हणजे काय, ते माझ्या कामात रोज दिसतं. १०८ ची रुग्णवाहिका डांबरी रस्त्यापर्यंत येते. रस्ता नसलेल्या वाडीतून तिथवर माणसाला झोळीत घालून खांद्यावर आणावं लागतं. बाळंतपणाच्या कळा येणाऱ्या बाईलाही. धावपटूचा घोटा मुरगळला तर त्यालाही तीच झोळी. राज्यात गिर्यारोहकांचं बचाव समन्वय केंद्र आहे, त्याचे स्वयंसेवक जीव टाकून धावतात, पण त्यांनाही पोहोचायला तास लागतात. ते तास स्वतःच्या सामानावर काढता यावेत, ही तयारीची पहिली अट.

२२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरची डोंगरी शर्यत होती. १७२ जण धावत होते. डोंगराच्या उंच भागात गारा, गोठवणारा पाऊस आणि सोसाट्याचा वारा आला. २१ जण थंडीने मेले, त्यांत लिआंग जिंग हा नामवंत धावपटूही होता. वारा अडवणारं जॅकेट त्या शर्यतीत सक्तीचं नव्हतं. वाचलेल्यांपैकी सहा जणांना वाचवलं जू खमिंग नावाच्या मेंढपाळाने. पावसामुळे तो एका गुहेत थांबला होता. तिथे त्याने शेकोटी पेटवली, त्यांचे ओले कपडे वाळवले, पांघरुणं दिली. आपल्याकडे बर्फ नाही, पण डिसेंबरच्या पहाटे घामाने भिजलेल्या अंगावर घाटमाथ्याचा वारा लागला की दातावर दात वाजतात. कोकणातल्या माणसाला तर थंडीची सवयच नसते. पातळ जॅकेट, कपाळावरचा दिवा, भरलेला फोन, शिट्टी आणि एक लांब लवचिक पट्टी, एवढं माझ्या पाठीवर सरावातही असतं. संकटाची खूण म्हणून एका मिनिटात सहा वेळा शिट्टी वाजवायची, मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा वेळा. आणि आपत्कालीन क्रमांक ११२.

दंशाविषयी थोडं सविस्तर सांगते, कारण तो माझा विषय. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही विषारी साप आपल्या राज्यात आहेत, आणि सरकारी रुग्णालयात मिळणारं प्रतिविष या चौघांवर चालतं. चावलेल्या जागी चीर देऊ नका, रक्त चोखू नका, वर आवळून दोरी बांधू नका. पाय काठीला बांधून स्थिर करा आणि त्या माणसाला चालू न देता उचलून न्या. लाल विंचवाचं तर संशोधनच आमच्या जिल्ह्यात झालं. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरी करताना डॉ. हिंमतराव बावस्करांनी या दंशाने होणारे मृत्यू जवळून पाहिले आणि पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध त्यावर गुणकारी असल्याचं दाखवलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. धावणाऱ्याने एक ध्यानात ठेवावं: विंचू चावल्यावर दरदरून घाम, थंड हातपाय आणि उलटी होते. हे दमल्यामुळे झालं असं समजून पळत राहिलात तर हृदयावर बेतेल.

आग्या मोहोळाचा धोका सापाहून मोठा. अत्तर, सुगंधी फवारा लावून कड्याखाली जाऊ नका, विडी-काडी पेटवू नका. घेऱ्यातल्या एका मावशींनी मला मागे फिरवलं होतं: "सिस्टर, आज सोंडेवरनं जाव नको, मोहोळ उठलंय." गावातून जाताना थांबून विचारलं तरच अशी माहिती मिळते. कानात गाणी घालून गाव ओलांडणाऱ्याला ती कुणी देत नाही.

पाणी कमी पडलं की त्रास होतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. जास्त साधं पाणी प्यायल्यानेही होतो, हे कमी जणांना माहीत असतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम कमी आढळलं. म्हणून तहानेप्रमाणे प्या आणि पाण्यासोबत मीठ घ्या. उपकेंद्रातलं जीवनरक्षक क्षारांचं पाकीट एक लिटर पाण्यात मिसळायचं असतं. ते अर्ध्या बाटलीत घट्ट कालवू नये. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. खाणं ताशी ३० ते ६० ग्रॅम पिष्टमय पदार्थ पोटात जातील एवढं. मी मीठ लावलेले उकडलेले बटाटे, खजूर आणि केळी नेते. पहाटे निघताना तांदळाची पेज. महागड्या जेलच्या पुड्या आवडत असतील तर घ्या, पण सरावात न खाल्लेला पदार्थ शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा खाऊ नका. आणि रिकामी पुडी खिशात ठेवा. वाटेवर टाकलेलं प्लास्टिक खाली गुरं खातात.

आता शर्यत भरवणाऱ्यांसाठी. पहाटे महामार्गाच्या कडेने आमच्याकडची मुलं-मुली पोलीस भरतीच्या तयारीला पळत असतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. त्यांच्या लांब धावण्याचा हिशोब तिथेच संपतो. यांतली वाड्यांवरची कितीतरी पोरं लहानपणापासून गुरांमागे हे डोंगर चढली-उतरली आहेत. उतार त्यांना शिकवावा लागत नाही. मोळीवाल्या बायकांची लेकरं आहेत ती. पण शर्यतीची प्रवेश फी आणि चांगले बूट त्यांच्या घरखर्चात बसत नाहीत, त्यामुळे शर्यतीच्या दिवशी हे लोक दिसतात ते पाण्याच्या टेबलामागे.

प्रत्येक शर्यतीत डोंगरवाड्यांतल्या मुलामुलींसाठी काही जागा विनाशुल्क ठेवा, बुटांची सोय करा, आणि याची सूचना मराठीत छापून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागेल असं पाहा. जॅकेट आणि दिवा सक्तीचा करा, सुरुवातीच्या रेषेवर तपासा आणि ज्याच्याकडे नसेल त्याला सोडू नका. वाट आखताना गावातल्या एका जाणत्या माणसाला रीतसर मानधन देऊन सोबत घ्या. मोहोळ कुठे आहे आणि टाक्यातलं पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकतं, ते त्याला ठाऊक असतं.

आणि पहिल्यांदाच उतरणाऱ्यांनी ११ किलोमीटरला नाव घाला.