वाकळेचा वाकडा टाका



आजचा विषय साधा आहे. इतर भागांत जिला गोधडी म्हणतात, ती आपल्या सातारा-सांगलीकडची वाकळ. तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात वाकळ कशाला, असं कुणाच्या मनात आलं असेल, तर प्लेटोपासूनच सुरुवात करू.

‘रिपब्लिक’च्या दहाव्या भागात प्लेटो पलंगाचं उदाहरण घेतो. एक आदर्श पलंग, दुसरा सुताराने केलेला, तिसरा चित्रकाराने रंगवलेला. सुताराचा पलंग आदर्शाच्या एक पायरी खाली. म्हणजे हाताने केलेली प्रत्येक वस्तू थोडी उणीच. आता त्या पलंगावर वाकळ अंथरून बघा. हिचा आदर्श कोणता? तो शोधायला गेलं तर सापडत नाही. कारण घरात त्या वर्षी काय फाटलं, त्यावर वाकळ ठरते. नऊवारी लुगडं, धोतर, पोरांचे सदरे, परकर. लुगड्याची जीर्ण बाजू आत जाते, धड बाजू वर येते. कमी पडेल तिथे ठिगळ. थर एकावर एक पसरायचे आणि धावदोरा घालत जायचं, पुष्कळदा कडेपासून मध्याकडे. दोरा फार ओढला तर कापड चुण्या धरतं, सैल सोडला तर थर आत सरकतात. मधला ताण हाताला कळतो. तो कुठल्या पुस्तकात लिहिलेला नाही.

ॲरिस्टॉटलची कसोटी वेगळी. वस्तू आपलं काम किती चांगलं करते, त्यावर तिचं चांगलेपण. या कसोटीवर वाकळ पैकीच्या पैकी गुण घेते! वाकडी ओळ सरळ ओळीइतकेच थर धरून ठेवते. शंभर वेळा धुतलेलं सुती कापड नव्या कापडापेक्षा मऊ असतं, म्हणून तर तान्ह्या बाळाला जुन्या लुगड्याचं दुपटं. मग वाकळेला आपण ओबडधोबड म्हणतो, ते कुणाच्या मापाने? बहुधा दुकानातल्या रजईच्या.

इथे थांबलो असतो तर व्याख्यान गोड झालं असतं. पण एक प्रश्न उरतो. टाका वाकडा झालाच का?

हात बसलेला नव्हता म्हणून? नाही. जिने आयुष्यभर वाकळा शिवल्या, तिचा हात पक्का असतो. टाका वाकडा होतो, कारण बाई मध्येच उठते. पोर रडलं, दूध उतू चाललं, दारात कुणी आलं, दिवेलागण झाली. परत बसते तेव्हा उजेड बदललेला असतो. वाकळेची ओळ नीट वाचली, तर कुठे उठावं लागलं ते दिसतं. व्हर्जिनिया वुल्फने 1929 साली ‘अ रूम ऑफ वन्स ओन’मध्ये लेखन करणाऱ्या बायकांविषयी हाच मुद्दा मांडला होता: सलग वेळ नाही, स्वतःची खोली नाही. आपल्याकडचा आकडा ऐका. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटं वेळ जात होता. असं काम करणाऱ्या पुरुषांचा 97 मिनिटं. शिवाय मुळात असं काम करणारे पुरुष फार थोडे.

म्हणून मला ‘अपूर्णतेतलं सौंदर्य’ हा शब्द जपून वापरावासा वाटतो. अपूर्णता दोन प्रकारची असते. एक आपण होऊन ठेवलेली. जपानी चहापात्र थोडं ओबडधोबड ठेवतात, फुटलं तर सांधा सोन्याने उजळतात. ती निवड आहे. दुसरी लादलेली. तिचं कौतुक करताना आपण नकळत लादणाऱ्या परिस्थितीचंही कौतुक करून बसतो.

गंमत बघा. ज्या घरात वाकळेचा वाकडा टाका चालतो, त्याच घरात भाकरी मात्र गोलच लागते. ती फुगली नाही तर सुनेच्या माहेरचा उद्धार होतो. बाईच्या वस्तूला उणेपणाची मुभा, बाईला नाही.

अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या गीज् बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांनी कामाच्या जुन्या कपड्यांतून अशाच गोधड्या शिवल्या. 2002 साली त्यांचं प्रदर्शन ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या संग्रहालयात लागलं, शिवणाऱ्यांच्या नावांसह. आपल्या घरातल्या वाकळा कुणी शिवल्या, हे किती जण सांगू शकतील? ‘आजीची वाकळ’ एवढंच. आजीचं नाव सांगतानाही थोडं अडखळायला होतं.

‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ ही म्हण आपण सगळे वापरतो. ज्यांनी ते अंथरूण जोड देऊन देऊन वाढवलं, त्यांच्याबद्दल म्हण काहीच बोलत नाही.

तेव्हा घरी जाऊन दोन गोष्टी करा. वाकळ असेल तर ती कुणाच्या हातची, कुणाच्या कपड्यांची, हे माहीत असणाऱ्यांना विचारून लिहून ठेवा, पूर्ण नावानिशी. आणि आज घरात जी कुणी काही शिवते, विणते, लिहिते, तिला दोन तास उठवू नका. दूध तुम्ही बघा. एवढं करूनही टाका वाकडा आला, तर तो खुशाल सुंदर म्हणा.